मॅक्लाउड, डॉनल्ड
(१४ ऑगस्ट १९१६ – २९ जून १९८२). श्रेष्ठ स्कॉटिश बॅगपाइपवादक, संगीतरचनाकार व शिक्षक. जन्म लूइस बेटावरील स्टॉर्नोवे येथे. इन्व्हर्नेसचे ख्यातनाम वादक जॉन मॅकडॉनल्ड यांच्याकडे त्यांनी वादनाचे शिक्षण घेतले. सीफोर्थ हायलँडर्स या पलटणीत ते पाइप मेजर होते. दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये फ्रान्समधील सेंट व्हॅलेरी येथे ते जर्मनांच्या हाती सापडले. मात्र त्यांनी कैदेतून निसटून मायदेश गाठला.

स्कॉटिश बॅगपाइपवर केवळ नऊ स्वर असतात. ध्वनी अखंड वाहत असल्याने वादकाला मध्येच थांबता येत नाही, की आवाज लहानमोठा करता येत नाही. लयीतला जोर अतिद्रुत कणस्वरांनीच दाखवावा लागतो. या मर्यादेत मॅक्लाउड यांनी साधलेली सफाई आणि लालित्य हा जाणकारांच्या कौतुकाचा विषय ठरला. पीब्रॉख हा मूळ धून व तिच्या क्रमाने गुंतागुंतीच्या होत जाणाऱ्या रूपांचा अभिजात प्रकार आणि नृत्य-संचलनाच्या हलक्या धुना, या दोन्हींवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते.

‘सुझन मॅक्लाउड’, ‘क्रॉसिंग द मिंच’ या त्यांच्या रचना आजही स्पर्धांत वाजतात. त्यांच्या हलक्या धुनांचे सहा संग्रह प्रसिद्ध आहेत. तबल्याच्या बोलांप्रमाणे अक्षरांतून धून गाऊन शिकवण्याच्या मौखिक परंपरेनुसार त्यांनी पीब्रॉखचे पाठ ध्वनिमुद्रित केले. पुढील पिढ्यांतील वादक त्यांवरून शिकत आले आहेत.