एका नावाची दीडशे वर्षे : सह्याद्रीतील एक जलवासी सर्प

प्राणिशास्त्रातील नाव हे केवळ संबोधन नसते; जातीची मर्यादा सांगणारे ते एक विधान असते. ते विधान सदोष असेल, तर प्राणी डोळ्यांसमोर असूनही शास्त्राच्या दृष्टीने अस्तित्वात नसतो. उत्तर सह्याद्रीच्या अरण्यांतील ओढ्यांत राहणाऱ्या एका लहान, बिनविषारी सापाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

मद्रास इलाख्यातील वनाधिकारी रिचर्ड हेन्री बेडोम यांनी १८६३ मध्ये वायनाडातील एका सापाचे वर्णन करून त्यास ‘ऑलिव्हेशियस’ हे जातिनाम दिले. १८९३ मध्ये ब्रिटिश म्यूझियममधील बुलेंजर यांनी ‘रॅब्डॉप्स’ हा वंश स्थापून त्यात या सापाचा समावेश केला. ईशान्य भारतातील ‘बायकलर’ ही जातीही त्याच वंशात घातली. पुढे गोवा, महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक येथील तत्सम सापांनाही बेडोम यांनी दिलेलेच नाव लावण्यात आले. दोहोंतील भेद बव्हंशी रंग व ठिपके यांचे होते. आणि मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यांचे रंग तर कालांतराने उडून जातात. त्यामुळे एका नावाखाली दोन जाती नांदत राहिल्या.

हा घोटाळा २०१७ मध्ये उलगडला. वरद गिरी व त्यांचे सहकारी यांनी शरीररचना व जनुकीय पुरावा यांची सांगड घालून उत्तरेकडील साप स्वतंत्र असल्याचे सिद्ध केले व त्यास ‘रॅब्डॉप्स ॲक्वाटिकस’ हे नाव दिले. २०१९ मध्ये ‘बायकलर’ही ‘स्मिथोफिस’ या नव्या वंशात गेली आणि रॅब्डॉप्स हा वंश केवळ पश्चिम घाटाचा उरला.

हा फेरबदल निव्वळ नावापुरता नाही. जातीचा प्रदेश आकुंचित होताच तेथील प्रत्येक ओढ्याचे मोल वाढते. शिवाय या सापाचे प्रौढ बहुधा रानातील ओढ्यांत, तर पिले जांभ्याच्या सड्यांवरील पाणथळ जागी आढळतात. उन्हाळ्यात उजाड दिसणारे हे सडे पुष्कळदा पडीक समजले जातात व खाणींसाठी खोदले जातात. ओढा राखला आणि सडा गमावला, तर या सापाच्या जीवनक्रमातील एक टप्पाच नाहीसा होईल. दीडशे वर्षांनी लाभलेले नाव सार्थ व्हावयाचे, तर संरक्षणाचा विचार ओढ्याच्या काठाशी थांबून चालणार नाही.