वय वर्षं चौदा, आणि पुढं कोण?

आज आपण रिद्धपूरला आहोत. अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी इथंच लीळाचरित्र सिद्ध केलं. आता याच गावात मराठी भाषा विद्यापीठ आलंय. पण विद्यापीठाचं दार उघडतं बारावीनंतर. मला बोलायचंय त्याआधीच्या वयाबद्दल, म्हणजे चौदा ते अठरा. या पोरापोरींच्या शिक्षणाची जबाबदारी नेमकी कोणाची?

थोडं मागं जाऊ. १९२० मध्ये मध्य प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. आपल्या भागात शिक्षण सक्तीचं करायचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. अधिकार बरं का, सक्ती नाही. म्हणजे खुर्चीवर कोण बसतो, त्यावर सगळं अवलंबून. १९२८ मध्ये अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले पंजाबराव देशमुख. त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि खेड्यातल्या शिक्षणावर जोर दिला. पण प्राथमिक शाळेपुढचं काय? खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा हवी, जेवण हवं. त्यासाठी त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं, पुढं श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. लक्षात घ्या, मोठ्या पोरांचं काम कौन्सिलनं नाही, संस्थेनं केलं. वऱ्हाडात ही वाटणी तेव्हापासूनची.

स्वातंत्र्यानंतर ती वाटणी पक्की झाली. राज्यघटनेनं सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा ठेवली चौदा वर्षं. १९५० मध्ये केंद्रानं कारागीर प्रशिक्षण योजना आणली, त्यातून आयटीआय आल्या. १९५६ मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे गेला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, शाळा त्यांच्याकडे गेल्या. बरीचशी हायस्कुलं मात्र खाजगी संस्थांची, अनुदान सरकारचं. एकाच पोराचे तीन मालक, आणि तिघांचे साहेब वेगळे!

गंमत पुढं आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं, म्हणजे १९९३ पासून, अकरावं परिशिष्ट लागू झालं. पंचायतींकडे देता येतील असे २९ विषय त्यात आहेत. सतरावा विषय प्राथमिक व माध्यमिक शिक्षण, अठरावा तांत्रिक प्रशिक्षण व व्यवसाय शिक्षण. कागदावर दोन्ही शेजारी शेजारी. पण आयटीआय आजही राज्याच्या संचालनालयाकडेच.

मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा. त्याचं नववं कलम वाचाच. आपल्या हद्दीतल्या मुलांची नोंद ठेवा, ती शाळेत येतात का बघा, हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य. पण नोंद चौदा वर्षांपर्यंतच. पंधराव्या वर्षी पोरगी शाळेतून शेतात गेली, तर या कायद्याची वही तिला शोधत नाही.

दुसरीकडं काय केलं बघा. इंग्लंडमध्ये २००८ च्या कायद्यानं सोळा-सतरा वर्षांची कोणती मुलं शिक्षणाबाहेर आहेत, हे शोधणं स्थानिक परिषदांवर टाकलं. २००९ च्या कायद्यानं पुढचं पाऊल टाकलं: शाळेचं सक्तीचं वय उलटलेल्यांसाठी शिक्षण-प्रशिक्षणाची सोय करा, आणि त्यासाठी परिषदांनी एकमेकींना सहकार्य करायचंच. कारण साधं आहे, पोरगं राहतं एका हद्दीत आणि शिकतं दुसऱ्या हद्दीत. सगळं सुटलं असं नाही, घरी बसलेली पोरं तिथंही आहेत. पण विचारायचं कोणाला, हे तरी ठरलं.

आपल्याकडं? २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. आयटीआयचे प्रवेश वेगळ्या पोर्टलवर. दोन्हीकडं नाव नसलेल्या पोराला कोण फोन करणार?

माझं म्हणणं एवढंच, की पंजाबरावांसारखा माणूस दर पिढीला भेटेल, या भरवशावर पोरांना ठेवता येत नाही. कर्तव्य लिहूनच ठेवावं लागतं. तोवर एक करा. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: यंदा गावातली किती पोरं दहावी झाली, आणि आज ती कुठं आहेत? यादी कोणाकडंच नसेल, तर ती करायचा ठराव तिथंच मांडा. अठरा पूर्ण नसतील, तर आईबाबांना विचारायला लावा.

भेटू पुढच्या भागात.