जोकरची खुर्ची: एका खलनायकाचे बदलते चेहरे आणि चाहत्यांच्या अपेक्षा

#थ्रेड

१/ ३१ जुलै २००६ रोजी वॉर्नर ब्रदर्स या चित्रपटसंस्थेने एक घोषणा केली. बॅटमॅनच्या पुढच्या चित्रपटात जोकरची भूमिका हीथ लेजर हा सत्तावीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन नट करणार होता. चाहत्यांमध्ये तत्काळ नाराजी उसळली. हा देखणा, प्रणयपटांतला मुलगा आणि जोकर? पुढे याच भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळाले. ते स्वीकारायला मात्र तो हयात नव्हता. ही हकिगत नीट समजण्यासाठी आपल्याला १९४० पर्यंत मागे जावे लागेल.

२/ नाटकवेड्या मराठी माणसाला ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द परका नाही. गाजलेल्या भूमिकेत दुसरा नट उभा राहिला की पहिला अंकभर प्रेक्षक त्याला पाहतच नाहीत, ते जुन्या नटाची आठवण पाहत असतात. सुपरहिरोपटांत हीच गोष्ट प्रचंड प्रमाणावर घडते. त्यातही नायकापेक्षा खलनायकाची खुर्ची अधिक अवघड, कारण त्याच्याकडून आपल्याला ओळखीचेही हवे असते आणि भीतीही वाटायला हवी असते. ओळखीच्या गोष्टीची भीती वाटत नाही, ही खरी अडचण.

३/ जोकर प्रथम अवतरला १९४० च्या वसंतात, ‘बॅटमॅन’ या चित्रकथा-मासिकाच्या पहिल्याच अंकात. बिल फिंगर, बॉब केन आणि जेरी रॉबिन्सन या तिघांचा त्यात हात होता. नेमके श्रेय कोणाचे, यावर पुढे आयुष्यभर वाद झाला. पत्त्यांतल्या जोकरचे चित्र रॉबिन्सनने आणले. चेहऱ्याचे मूळ मात्र एका नटात होते. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून १९२८ मध्ये निघालेल्या ‘द मॅन हू लाफ्स’ या मूकपटातील कॉनराड वाइटचे ते गोठलेले हास्य. म्हणजे जोकरचा पहिला चेहराही उसनाच होता.

४/ गंमत अशी, की हा खलनायक पहिल्याच अंकात मरायचा होता. त्या अंकात त्याच्या दोन कथा होत्या आणि दुसरीच्या शेवटी त्याचा अंत ठरला होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना हे पात्र वाया घालवणे रुचले नाही. घाईने एक चौकट वाढवण्यात आली आणि जोकर जिवंत असल्याचे सांगण्यात आले. त्या एका चौकटीवर पुढची आठ दशके उभी आहेत.

५/ आरंभीचा जोकर निर्घृण होता. त्याच्या विषाने मेलेल्यांच्या चेहऱ्यावर हसू उरत असे. पुढे चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा अमेरिकेत गदारोळ झाला आणि १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. या वातावरणात जोकरचा खोडकर विदूषक झाला. १९६६ मध्ये एबीसी वाहिनीवर आलेल्या ‘बॅटमॅन’ मालिकेने हाच विदूषक घराघरांत नेला.

६/ मालिकेतला जोकर होता सीझर रोमेरो. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, क्यूबन वंशाचा, रुबाबदार मिशीसाठी प्रसिद्ध असलेला नट. भूमिकेसाठी मिशी काढायला त्याने साफ नकार दिला. अखेर मिशीवरूनच पांढरा रंग फासण्यात आला. आजही जवळून पाहिल्यास ती मिशी रंगाखाली स्पष्ट दिसते. आज एखाद्या नटाने असे केले असते तर काय काहूर माजले असते, याची कल्पना करून पाहावी.

७/ त्याच मालिकेत खलनायक किती सहज बदलले जात, तेही पाहण्याजोगे आहे. रिडलर झालेल्या फ्रँक गोर्शिनच्या जागी दुसऱ्या पर्वात जॉन अॅस्टिन आला. मिस्टर फ्रीझ तर तिघांनी केला: जॉर्ज सँडर्स, ऑटो प्रेमिंजर आणि इलाय वॉलक. कॅटवुमन मालिकेत ज्युली न्यूमार, चित्रपटात ली मेरिवेदर आणि तिसऱ्या पर्वात अर्था किट. पोशाख तोच, माणूस दुसरा. पात्र पोशाखात असते, अशी त्या काळच्या निर्मात्यांची धारणा होती.

८/ ही धारणा बदलली ती वाचक बदलला म्हणून. १९७३ मध्ये लेखक डेनी ओनील आणि चित्रकार नील अॅडम्स यांनी जोकरला पुन्हा खुनी केले. १९८८ मध्ये अॅलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या ‘द किलिंग जोक’ने त्याला वेदनेचा आणि वेडाचा भूतकाळ दिला, तोही खरा की खोटा, हे संदिग्ध ठेवून. हे वाचणारी मुले आता प्रौढ झाली होती. त्यांच्या मनात जोकरचा ‘खरा’ चेहरा पक्का होऊ लागला होता.

९/ चाहत्यांच्या इच्छेला किती वजन द्यावे, याचा एक विलक्षण प्रयोगही १९८८ मध्येच झाला. जोकरच्या तावडीत सापडलेला दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा, हे प्रकाशकांनी वाचकांवर सोडले. दोन दूरध्वनी क्रमांक, फोनला पैसे. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी रॉबिन गेला. चाहता हा आता नुसता ग्राहक उरला नव्हता. जोकरच्या गुन्ह्यात तो भागीदार झाला होता.

१०/ १९८९ मध्ये टिम बर्टनचा ‘बॅटमॅन’ आला, तेव्हाचा रोष मात्र नायकावर होता. विनोदी भूमिकांसाठी ओळखला जाणारा मायकल कीटन बॅटमॅन कसा, म्हणून वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची हजारो पत्रे गेली. जोकर झालेल्या जॅक निकोल्सनला कोणी विरोध केला नाही. दोन ऑस्कर, ती भुवई, ते हास्य. चाहत्यांना वाटले, हा माणूस तर जन्मतःच जोकर आहे.

११/ तरीही त्या चित्रपटाने परंपरेशी मोठीच मोडतोड केली. जोकरला जॅक नेपियर हे नाव दिले आणि बॅटमॅनच्या आईवडिलांचा खुनी त्यालाच ठरवले. नंतर शेवटी त्याला मारूनही टाकले. कट्टर वाचक कुरकुरले, पण निकोल्सनच्या दराऱ्यापुढे ती कुरकुर विरली. पुढे १९९२ च्या अॅनिमेशन मालिकेत मार्क हॅमिलने जोकरला आवाज दिला. ‘स्टार वॉर्स’चा सालस नायक ल्यूक स्कायवॉकर तोच, हे ऐकणाऱ्याला सांगूनही पटत नसे. कित्येकांच्या कानात जोकर म्हणजे आजही तोच आवाज आहे.

१२/ आता येऊ २००५ कडे. ख्रिस्तोफर नोलनच्या ‘बॅटमॅन बिगिन्स’च्या अखेरच्या प्रसंगात पोलीस अधिकारी गॉर्डन बॅटमॅनच्या हाती एक पत्ता देतो: जोकर. पडदा पडतो. त्या क्षणापासून वर्षभर चाहत्यांना एकच विषय होता, तो कोण करणार? पॉल बेटनी, एड्रियन ब्रॉडी, लॅची ह्यूम अशी नावे फिरू लागली. या यादीकडे नीट पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते: लांबट चेहरा, टोकदार हनुवटी, किरकोळ बांधा किंवा भेदक नजर. लोक नट शोधत नव्हते, चित्राशी जुळणारा चेहरा शोधत होते.

१३/ म्हणूनच लेजरचे नाव ऐकून धक्का बसला. ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’ आणि ‘अ नाइट्स टेल’मधला तरुणींचा लाडका नट, अशीच त्याची ओळख होती. ‘ब्रोकबॅक माउंटन’मधील समलिंगी गुराख्याच्या भूमिकेने त्याला नुकतेच ऑस्करचे नामांकन मिळवून दिले होते, विरोधकांनी ते सामर्थ्याचे लक्षण न मानता टवाळीचा विषय केले. त्या टवाळीतला काही भाग अभिनयाबद्दल नव्हताच, तो निव्वळ पूर्वग्रह होता, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

१४/ इकडे लेजर लंडनमधल्या हॉटेलच्या एका खोलीत महिनाभर स्वतःला कोंडून घेऊन जोकरचा आवाज आणि हास्य शोधत होता. एका वहीत तो या पात्राच्या दृष्टीने टिपणे काढत असे. निकोल्सनची नक्कल करणे सोपे होते आणि चाहत्यांना कदाचित रुचलेही असते. त्याने तो रस्ता सोडून दिला.

१५/ मे २००७ मध्ये त्याचे पहिले छायाचित्र आले, तेही अभिनव रीतीने. चाहत्यांनी एका संकेतस्थळावर आपला ईमेल नोंदवला की चित्राचा एक ठिपका उघडे. हजारो हातांनी मिळून तो चेहरा उघड केला: ओघळलेला रंग, गालांवर व्रण. लगेच नवा वाद पेटला. जोकरची कातडी रसायनाने पांढरी व्हायला हवी, ही तर नुसती रंगभूषा! आज हा वाद क्षुल्लक वाटतो. पण ज्यांनी बालपण त्या चित्रकथांत घालवले, त्यांच्या लेखी तो रंग म्हणजे पात्राचे मूळ होते.

१६/ वर्षाअखेरीस पहिली झलक आणि सुरुवातीचा प्रसंग चित्रपटगृहांत दाखवला गेला आणि मते पालटू लागली. त्यानंतर २२ जानेवारी २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या औषधांच्या अपघाती मिश्रणाने लेजरचा मृत्यू झाला. वय २८. या भूमिकेनेच त्याला मारले, अशी दंतकथा पुढे पसरली. त्याच्या निकटवर्तीयांनी ती नाकारली आहे. चित्रीकरणात तो आनंदी होता, असे त्यांचे सांगणे. मृत्यूलाही नाट्यमय कारण हवे असते, हीसुद्धा चाहत्यांची एक अपेक्षाच.

१७/ १८ जुलै २००८ रोजी अमेरिकेत ‘द डार्क नाइट’ प्रदर्शित झाला. जोकरला भूतकाळ नव्हता. गालांवरच्या व्रणांची तो प्रत्येक वेळी वेगळी गोष्ट सांगत होता. ओठांवरून फिरणारी जीभ, वाकलेले खांदे, मध्येच चढणारा स्वर. चाहत्यांच्या यादीत यातले काहीच नव्हते. तरीही लोक म्हणाले, हाच खरा जोकर. २२ फेब्रुवारी २००९ रोजी लेजरचे ऑस्कर त्याच्या आईवडिलांनी आणि बहिणीने स्वीकारले. अभिनयाचे ऑस्कर मरणोत्तर मिळण्याची ही दुसरीच वेळ. पहिला मान पीटर फिंचचा.

१८/ आता प्रश्न उलटा झाला. तिसऱ्या भागात जोकर कोण? कोणी नव्या नावांच्या याद्या केल्या, कोणी न वापरलेली दृश्ये जोडावीत असे सुचवले. नोलनने दोन्ही टाळले. २०१२ च्या ‘द डार्क नाइट रायझेस’मध्ये जोकर नाहीच, त्याचा साधा उल्लेखही नाही. कथेच्या हिशेबाने ही पोकळी खटकते, कारण शहर उलथवणारा माणूस असा विस्मरणात कसा जाईल? पण ती रिकामी ठेवलेली खुर्ची हीच त्या मित्राला वाहिलेली श्रद्धांजली होती.

१९/ नंतरच्यांना ती खुर्ची पेलायची होती. जॅरेड लेटोचे छायाचित्र एप्रिल २०१५ मध्ये, जोकरच्या पंचाहत्तरीनिमित्त आले: धातूचे दात, अंगभर गोंदण, कपाळावरही अक्षरे. हसे झाले. २०१६ च्या ‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये त्याची बरीच दृश्ये कापली गेली. अपेक्षाभंगाचा दोष नटावर आला. पुरती भूमिका मात्र कोणी पाहिलीच नाही.

२०/ २०१९ मध्ये टॉड फिलिप्सचा ‘जोकर’ आला. बॅटमॅनविना जोकर कसला, ही शंका वॉकिन फिनिक्सने पुसून टाकली. व्हेनिसचा सुवर्णसिंह, अब्जाहून अधिक डॉलरची कमाई आणि २०२० मध्ये ऑस्कर. एकाच पात्रासाठी दोन नटांना ऑस्कर मिळण्याचा मान त्याआधी फक्त ‘गॉडफादर’च्या व्हिटो कॉर्लिऑनला मिळाला होता. पण २०२४ च्या उत्तरार्धाने गाणी आणली, नायकाचा जोकरपणा काढून घेतला, आणि चाहते बाहेर पडले. कमाई पहिल्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी. नटनिवड बदलली नव्हती. अपेक्षा तेवढी मोडली होती.

२१/ म्हणजे चाहत्यांची अपेक्षा नेहमीच चूक असते का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. लेटोच्या वेळी त्यांची शंका खरी ठरली. निकोल्सनवरचा विश्वासही खरा ठरला. पण इतिहास एवढे नक्की सांगतो, की अपेक्षा ही मागच्या चेहऱ्याच्या आकाराची असते. नव्या नटात काय आहे, हे तिला कळत नाही. काय नाही, एवढेच तिला मोजता येते. आणि जोकरसारखे पात्र जगते ते त्या मोजमापात न मावणाऱ्या गोष्टीवर.

२२/ २०२२ च्या ‘द बॅटमॅन’मध्ये बॅरी कीओगन काही क्षणांपुरता जोकर म्हणून दिसला. तेवढ्यावरच याद्या, तुलना, निकाल सुरू झाले. तेव्हा २००६ चा तो दिवस आठवावा. लेजरला नाकारणाऱ्यांपैकी कित्येकांनी नंतर मनापासून आपले म्हणणे मागे घेतले. ज्याला ते ऐकवायचे होते, तो तेव्हा राहिला नव्हता.

आपल्या मनातला जोकर कोणता? अवश्य सांगा. आणि तो का, हेही सांगा.