बालविज्ञान, कृतिप्रधान

लहान मुलांना, विशेषतः तीन ते दहा वर्षे वयाच्या बालकांना, पाठांतराऐवजी प्रत्यक्ष निरीक्षण, हाताळणी व साधे प्रयोग यांतून सृष्टीतील घटनांचा परिचय करून देण्याची पद्धती. ही पद्धती बालवाडीत व प्राथमिक शाळेत जशी वापरतात, तशीच ती घरी, पालकांच्या देखरेखीखालीही वापरता येते. तिला प्रयोगशाळेची गरज नसते; घर, अंगण व शेत हीच तिची साधने होत. यात प्रयोग करून दाखविणारा मोठा माणूस दुय्यम असून करून पाहणारे मूल प्रमुख असते.

पूर्वपीठिका : खानदेशात शास्त्राध्ययनाची परंपरा जुनी आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील तेराव्या शतकाच्या प्रारंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) शंकूच्या छायेवरून उंची व अंतर काढण्याचे गणित येते. तथापि ही विद्या ग्रंथनिष्ठ व मोजक्यांपुरती राहिली. माती, लाकूड, कापूस व धातू हाताळणाऱ्या कारागिरांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरी मुले काम पाहतच शिकत. पण त्या ज्ञानाला विद्येचा मान नव्हता. हात आणि ग्रंथ यांची ही फारकत पुढील काळातील शैक्षणिक प्रयोगांपुढचा मुख्य प्रश्न ठरली.

एकोणिसाव्या शतकात मराठीत विज्ञान आले ते छापील शब्दांतून. बाळशास्त्री जांभेकरांचे दिग्दर्शन (१८४०) आणि पुढे पुण्याचे सृष्टिज्ञान (१९२८) या मासिकांनी वाचकांपर्यंत शास्त्रीय माहिती पोहोचविली. लहान मुलाच्या हाती मात्र वस्तू आली ती बालशिक्षणाच्या चळवळीमुळे.

बालशिक्षणाची चळवळ : यूरोपात रूसो, पेस्टालोत्सी व फ्रबेल यांनी इंद्रियानुभवाला शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ साली रोम येथे बालगृह काढून त्याला शास्त्रीय साधनांची जोड दिली. भावनगर येथे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी ही दृष्टी महाराष्ट्रात रुजविली. माँटेसरींची साधने सुबक, पण महाग होती. १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य हाती घेतल्यावर ताराबाई व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी शिंपले, बिया, खडे, पाने, बांबू अशा परिसरातील वस्तूंपासून साधने बनविली. १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा हे उपक्रम चालले. गुरे राखणाऱ्या मुलाला शाळेत ओढून नेण्यापेक्षा शाळाच कुरणावर नेण्याचा हा विचार होता. साधन स्वस्त झाले, हा त्याचा बाह्य परिणाम. मुलाला परिचित असलेली वस्तू शिक्षणास पात्र ठरली, हा त्याचा खरा अर्थ होय.

महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडल्या गेलेल्या मूलोद्योगी शिक्षणातही हस्तकौशल्य केंद्रस्थानी होते. टकळीवर सूत काढताना तंतूला पीळ का लागतो, पीळ वाढला की धागा का तुटतो, हे प्रश्न आपोआप उपस्थित होतात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सूतकताई उरली व प्रश्न मागे पडले.

विज्ञानशिक्षणाचे प्रयोग : स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत व्यापक प्रयोग म्हणजे मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत सुरू झालेल्या या कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुले स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढीत. २००२ मध्ये तो शासकीय निर्णयाने बंद झाला. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा (ता. रावेर) परिसराच्या ग्रामीण शाळांत विज्ञानशिक्षण सुधारण्याचा प्रकल्प राबविला. पाठ्यपुस्तकांची अवघड भाषा हाही मुलांच्या आकलनातील अडसर असतो, यावर या केंद्राच्या संशोधकांनी भर दिला. घरी अहिराणी बोलणाऱ्या खानदेशी मुलाच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या बोलीत वर्णन करता आलेली घटनाच त्याला खऱ्या अर्थाने समजलेली असते.

होशंगाबाद येथील कामातून प्रेरणा घेतलेले अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भौमितिक आकृत्या, तसेच टाकाऊ वस्तूंपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी तयार केली. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी ती मुलांपर्यंत नेली. २०१८ साली त्यांना पद्मश्री किताब मिळाला.

घरगुती कृती : पारोळा (जि. जळगाव) व त्याच्या आसपासचा काळ्या जमिनीचा, कापूस-ज्वारीचा प्रदेश अशा कृतींना अनुकूल आहे. हे गाव सु. २०° ५३' उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथे वर्षातून दोनदा सूर्य माथ्यावर येतो. अंगणात सरळ काठी रोवून दर तासाला तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवला, की सावली सकाळी लांब, मध्यान्ही सर्वांत आखूड व पुन्हा लांब होते, हे पाच वर्षांच्या मुलालाही दिसते. मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास ती मध्यान्ही जवळजवळ नाहीशी होते. जुलैतील दुसरा योग बहुधा ढगांत हरवतो.

उन्हाळ्यात मातीच्या माठातील पाणी गार होते, पितळी हंड्यातील होत नाही. माठाच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी वाफ होताना उष्णता शोषते, हे त्याचे कारण. तोच माठ पावसाळ्याच्या दमट हवेत तितके पाणी गार करीत नाही. ही तुलना मुलाने स्वतः केल्यास कारणाचा उलगडा होतो. हळदीने रंगविलेला कागद साबणाच्या पाण्याने लाल व लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा होतो. आखाजीच्या झोक्यावर जड व हलके मूल आळीपाळीने बसवून हेलकावे मोजले, तर वजनाने विशेष फरक पडत नाही, दोराच्या लांबीने मात्र पडतो, असे आढळते. घटस्थापनेच्या वेळी मातीत पेरलेले धान्य घरोघरी उगवते. त्याचीच एक परडी अंधारात ठेवल्यास तेथील रोप पिवळे व लांबुडके का, हा प्रश्न उभा राहतो. मूग व सरकी ओल्या फडक्यात शेजारी ठेवून कोणते आधी रुजते, हे नोंदविता येते.

या कृतींत काही खबरदारी आवश्यक असते. बाजारातील पेरणीच्या बियाण्याला विषारी औषध चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये. खाण्याचा चुना डोळ्यांस घातक असल्याने रंगबदलासाठी साबण वापरणेच इष्ट. सूर्याकडे थेट पाहू देऊ नये.

स्थान व मर्यादा : बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा (२००९) सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानतो, घरशिक्षणास त्यात स्वतंत्र स्थान नाही, मात्र पालकांना शिक्षेची तरतूदही नाही. शाळेऐवजी घरीच शिकविणारी कुटुंबे थोडी व बहुधा शहरी, सुशिक्षित आहेत. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत घरचे विज्ञान शाळेस पूरक ठरते. त्याची खरी अडचण साहित्याची नसून वेळेची व वृत्तीची आहे. मजुरीस जाणाऱ्या आईबापांना सवड नसते आणि सवड असलेले पालक उत्तर सांगण्याची घाई करतात. मुलाचा अंदाज चुकला, तर तो चुकू देणे व पुन्हा पाहावयास लावणे, हे या पद्धतीचे मर्म आहे. ते सुटल्यास प्रयोगही पाठांतराचाच एक प्रकार होतो. ते सांभाळल्यास, ज्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या केवळ कष्टाचे मानले गेले, त्यांनाच ज्ञानाचे साधन म्हणून मान मिळतो.