देखणीतली पलतड

‘हांव सायबा पलतडी वेतां’ (साहेबा, मी पलीकडच्या काठाला जाते) हे कोंकणी गाणं मराठी घरांत पोचलं ते ‘बॉबी’मुळे. 1973च्या त्या चित्रपटात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी याच चालीवर ‘ना माँगूँ सोना चाँदी’ बांधलं. मूळ गीताचं श्रेय कार्लोस युजेनियो फेरेरा (1860–1932) यांना दिलं जातं. ते 1895 साली पॅरिसमध्ये आणि 1926 साली गोव्यात बस्तोड्याच्या रांजेल छापखान्यात छापलं गेलं. हे सगळं बहुतेकांना ठाऊक असतं. माझा जीव अडकला तो दुसऱ्याच प्रश्नात: गाण्यातली ही बाई उभी आहे कुठल्या तीरावर?

ती कलावंतीण आहे. पलतडी दामूचं लग्न आहे, मांडवात कलावंतिणींचा खेळ आहे आणि तिला तिकडे जायचं आहे. पण वाट माहीत नाही. म्हणून ती तारवाल्यापुढे, म्हणजे नावाड्यापुढे, अंगावरचे दागिने काढून ठेवते, आणि तो नको म्हणतो. आम्ही घुमट हे मातीचं चर्मवाद्य वाजवणारे हे गाणं बसवत होतो, तेव्हा गाणाऱ्या मुलीने विचारलं, “जिचं पोटच नाचण्यावर, तिला लग्नघराची वाट कशी ठाऊक नाही?” पैंजण पायांत बांधून गावोगाव जाणाऱ्या बाईला नदीपलीकडचा रस्ता अनोळखी का असावा, याचं उत्तर मला गाण्यात मिळालं नाही, इतिहासात मिळालं.

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी गोव्यातल्या तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतली देवळं पाडली. देव रातोरात नदीपार गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. ही सगळी अंत्रुजातली, म्हणजे आजच्या फोंड्याकडची गावं. अंत्रूज तेव्हा आदिलशाहीत होता. 1675 मध्ये शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला, पुढे तो मुलूख सौंदेकर राजांकडे गेला आणि पोर्तुगिजांच्या हाती पडला तो थेट 1763 मध्ये. म्हणजे दोनशे वर्षं ही नदी सरहद्द होती. देवळांच्या सेवेतल्या कलावंतिणी देवांच्या बाजूला, अंत्रुजात. त्यांनी पोर्तुगीज मुलखात पाऊल ठेवू नये, असे हुकूम सरकारने पुन्हा पुन्हा काढले. पुन्हा पुन्हा काढावे लागले, याचाच अर्थ त्यांना बोलावणं जात होतं आणि त्या जातही होत्या.

माझं मत असं: ती अंत्रुजाच्या काठावर उभी आहे. पलीकडे तिच्या देवाचं मूळ गाव आहे, आणि कित्येक पिढ्यांत तिकडची वाट तिच्या घरात कोणी उघडपणे तुडवलेली नाही.

याला दोन तगडे विरोधी पक्ष आहेत. पहिला म्हणतो, ही साधी गवळण आहे. यमुना, नाव, कृष्ण, बस्स. पण गवळणीत वाट अडवून दाण मागतो तो कृष्ण. इथे देणारी बाई आहे आणि नाकारणारा तारी. व्यवहार अगदी उलटा. मला तरी त्यात लाडिकपणापेक्षा धास्ती ऐकू येते. दागिने देऊ केले तरी पार न्यायला माणूस कचरतो, ती नदी साधी नव्हे.

दुसरा पक्ष अधिक वजनदार. हिंदूंच्या लग्नविधींवर पोर्तुगीज मुलखात बंदी होती, तेव्हा लोक नदी ओलांडून लग्नं लावत. मग दामूचं लग्न अंत्रुजातच असणार आणि बाई उलट दिशेने निघालेली असणार. पण अंत्रुजातल्या लग्नाला कलावंतिणी अंत्रुजातल्याच मिळत. त्यांना तारीची गरज काय? आणि हिंदू व्यापारी जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बारदेश, सासष्टीत, शेवटपर्यंत होतेच, दामू त्यांतला असेल. एक मात्र खरं, दोन्ही पक्षांत नदी सरहद्दच राहते.

गीत छापलं गेलं तेव्हा सरहद्द पुसून सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती. ही फट मी अंदाजाने भरतो: फेरेरांच्या कानावर याहून जुन्या ओळी असाव्यात.

आता गाण्याच्या प्रकाराचं नाव बघा. त्याला ‘देखणी’ म्हणतात. देखण्या बाईचा नाच म्हणून देखणी, हा सोपा अर्थ. काहींच्या मते मूळ शब्द ‘दख्खनी’. आक्षेप असा की ‘द’चा ‘दे’ कसा झाला? मला वाटतं, तो पोर्तुगीज जिभेने केला. 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता दख्खनच्या लोकांना ‘देकानी’च्या जवळचं नाव देतो, पोर्तुगीज दख्खनला ‘दे’नेही लिहीत. त्यांच्या लेखी सरहद्दीपलीकडे दख्खन सुरू होत असे. तिथून येणाऱ्या बाईचा नाच तो देकानी, आणि पुढे कोंकणी तोंडात ओळखीच्या शब्दाला चिकटून देखणी. मी या बाजूचा आहे.

यातली सर्वांत विलक्षण गोष्ट अशी, की देखणी रचली आणि जपली ती ख्रिस्ती घरांनी. 1736च्या इन्क्विझिशनच्या हुकूमनाम्याने ख्रिस्ती लग्नांतल्या ओव्या बंद केल्या होत्या. त्याच समाजाच्या मुली पुढे कलावंतिणीसारखी साडी नेसून, घुंगरू बांधून घुमटाच्या तालावर नाचू लागल्या. ज्या बाईला तीर ओलांडायची मनाई होती, तिचंच सोंग घेऊन.

गोव्यातल्या, कारवारच्या, मुंबईच्या गोंयकार घरांत अजून जुन्या देखण्या पाठ असलेल्या म्हाताऱ्या आहेत. त्यांना गाऊ द्या, आणि एखाद्या कडव्यात तरीचं किंवा गावाचं नाव आलं तर ते तेवढं लिहून ठेवा. ती बाई कुठल्या काठावर उभी होती, याचा निकाल अशाच एका नावाने लागेल.