डिलीट न होणारी रसायनं: क्रीम घेण्याआधी लेबलवर काय बघाल?

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी संशय शाम्पूवर गेला, मग पाण्यावर. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणजे शाम्पूवर उगाच आळ आला. पण म्हणून प्रत्येक डबी निर्दोष, असंही नाही.

शेजारच्या अकोल्यात २०२२ मध्ये एकाच घरातल्या तिघींना किडनीचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत त्यांच्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडला.

पारा कशाला घालतात?
तो त्वचेतलं मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तो रक्तात उतरून किडनीत साठतो. पारा हे मूलद्रव्य. त्याचं विघटन होत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, याला डिलीटचं बटणच नाही.

पीएफएएस म्हणजे काय?
कार्बन आणि फ्लोरिनच्या पक्क्या बंधाची हजारो मानवनिर्मित रसायनं. निसर्गात ती जवळपास तुटतच नाहीत. काही वॉटरप्रूफ मस्करा, नॉनस्टिक भांडी, रेनकोट यांत ती असतात. त्यातल्या पीएफओएला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. न्यूझीलंडमध्ये कॉस्मेटिक्समधल्या पीएफएएसवर ३१ डिसेंबर २०२६ पासून बंदी आहे.

फोन काढा, हे तपासा
१. घटकांच्या यादीचा फोटो घ्या, गूगल लेन्सने मजकूर कॉपी करा आणि त्यात 'फ्लुओरो' किंवा 'पीटीएफई' शोधा. टूथपेस्टमधलं फ्लोराइड वेगळं, त्याला घाबरू नका.
२. 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' दिसलं तर डबी परत ठेवा.
३. उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक बघा. परदेशी माल असेल तर आयातीचा नोंदणी क्रमांक हवा.

कॅमेऱ्याची मर्यादा
कॅमेरा फक्त छापलेलं वाचतो. भारतात कॉस्मेटिक्समध्ये पारा घालायला बंदी आहे; नकळत आलेला पाराही साध्या क्रीममध्ये १ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे मुद्दाम पारा घालणारा तो लेबलवर लिहीलच असं नाही. तो लॅबमध्येच कळतो. म्हणून इन्स्टावरून किंवा ओळखीतून आलेली, लेबल नसलेली 'सात दिवसांत गोरं' करणारी डबी घेऊच नका.

अशी क्रीम वापरताना चेहरा-पाय सुजले किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर ती लगेच बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. डबी फेकू नका, सोबत न्या. तपासणीला तीच लागेल.