सॉफ्टवेअरचा वाटा

पनवेलच्या मासळी बाजारात मासे वजनावर मिळतात, तसे वाट्यावरही मिळतात. फळीवर मांडलेल्या वाट्यात वरती दोन टपोरे बांगडे असतात आणि खाली लहानसहान भरणा. भाव अख्ख्या वाट्याचा, त्यातला सुटा मासा मागायचा नाही. मुरलेलं गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी वरचा बांगडा उचलून खालचे बघतं आणि मनातल्या मनात हिशेब करतं: यातलं ताटात किती येईल आणि मांजरीला किती जाईल.

सॉफ्टवेअरही असंच वाट्यावर विकलं जातं. त्याला संच म्हणा, बंडल म्हणा. ‘नऊ प्रोग्रॅम, वेगवेगळे घेतले तर ३१,००० रुपये, आज घ्याल तर फक्त ७,०००, ऑफर संपायला ४७ तास.’ अशी एक जाहिरात गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या मामाच्या फोनवर आली. जुन्या पनवेलमध्ये मामाचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांच्या स्मरणिका, मधूनच एखादा दिवाळी अंक अशी कामं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे घरातले असले सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. “अगं, घेऊ का नको, एवढंच सांग,” मामा म्हणाला.

एवढंच सांगायला मला १९६९पासून सुरुवात करावी लागली.

तीन टक्के

१९६९पर्यंत कॉम्प्युटरच्या दुनियेत सॉफ्टवेअरला वेगळी किंमत जवळजवळ नव्हतीच. आयबीएमचं यंत्र भाड्याने घेतलं की त्यावरचे प्रोग्रॅम, ते बसवून देणारा इंजिनिअर आणि कर्मचाऱ्यांची शिकवणी हे सगळं त्याच बिलात यायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, प्रोग्रॅम फुकट मिळाले. पण मग दुसऱ्या कुणी फक्त चांगला प्रोग्रॅम लिहून विकायचं ठरवलं, तर तो विकत कोण घेणार? फुकटाशी स्पर्धा कशी करायची?

जानेवारी १९६९मध्ये अमेरिकेच्या सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे काही प्रोग्रॅम आणि सेवा यंत्रापासून वेगळ्या करून, वेगळी किंमत लावून देऊ. ही फारकत करताना यंत्रांचे दर किती उतरवले? फक्त ३ टक्के. वाट्यातले मासे काढून घेतले, आणि वाट्याचा भाव जेमतेम हलला.

ही ३ टक्क्यांची गोष्ट मला फार आवडते, कारण संचातल्या एखाद्या वस्तूची ‘मूळ किंमत’ म्हणजे काय, हे त्यातून स्पष्ट दिसतं. ‘किंमत ४,००० रुपये’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. खरी कसोटी उलटी असते: ती वस्तू मला नको म्हटलं तर तुम्ही बिलातून किती कमी कराल? बहुतेक वेळा उत्तर असतं, काहीच नाही.

या फारकतीमुळे सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू आहे, ही कल्पना बाजारात रुजायला मोठा हातभार लागला. पनवेलहून सकाळी ऐरोली-महापेकडे निघणाऱ्या लोकलमध्ये लॅपटॉपच्या बॅगा सांभाळत उभ्या असलेल्या माझ्यासारख्यांच्या पगाराचं एक मूळ त्या घोषणेत आहे.

कॅसाब्लांका हवा, तर गोरिला मॅन घ्या

संच स्वस्त का असतो, याचं उत्तर मात्र कॉम्प्युटरवाल्यांनी नाही, सिनेमावाल्यांच्या भांडणाने दिलं. अमेरिकेत टीव्ही केंद्रांना जुने चित्रपट गठ्ठ्याने विकले जायचे. वॉशिंग्टनमधल्या एका केंद्राला ‘कॅसाब्लांका’ हवा होता, तर त्याच्या गठ्ठ्यात ‘गोरिला मॅन’सारखे पडेल चित्रपटही घ्यावे लागले. १९६२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती बेकायदा ठरवली. पुढच्याच वर्षी जॉर्ज स्टिगलर या अर्थतज्ज्ञाने एक छोटं टिपण लिहून विचारलं: विक्रेत्याला यातून मिळतं तरी काय? चांगल्या चित्रपटाचाच भाव वाढवता आला असता की!

त्याचं उत्तर मी मामाला पनवेलचे आकडे घालून सांगितलं. समज, बाजारात दोन प्रोग्रॅम आहेत, एक पानं लावायचा आणि एक हिशेबाचा. तू पानांच्या प्रोग्रॅमला ८,००० द्यायला तयार आहेस, हिशेबाच्या प्रोग्रॅमला फार तर २,०००. शेजारच्या करसल्लागाराचं नेमकं उलटं: हिशेबाला ८,०००, पानांना २,०००. विक्रेत्याने दोन्हींची किंमत ८,००० ठेवली, तर तू एक घेशील, तो एक घेईल. गल्ल्यात १६,०००. आता त्याने दोन्हींचा संच केला आणि किंमत लावली १०,०००. तूही घेशील, तोही घेईल. गल्ल्यात २०,०००.

म्हणजे १६,०००ची वस्तू १०,०००ला दिली आणि तरीही विक्रेत्याचे ४,००० वाढले. सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत काढायला खर्च जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे या वाढीतलं बरंचसं नफ्यातच जातं. बाकोस आणि ब्रिन्योल्फसन या दोघांनी १९९९मध्ये हेच गणित पुढे नेलं. एकेका वस्तूला कोण किती देईल, याचा अंदाज बांधणं अवघड असतं. पण पुष्कळ वस्तू एकत्र केल्या की माणसामाणसांमधल्या आवडीनिवडीचे फरक एकमेकांत जिरतात आणि अख्ख्या संचाला बहुतेक लोक किती देतील, हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. म्हणून दोनाऐवजी नऊ. ते सात जास्तीचे प्रोग्रॅम तुझ्यासाठी नाहीतच, तुझ्यासारख्या हजारो वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना एकाच किमतीत बसवायसाठी आहेत.

“म्हणजे फसवणूक?” मामाने विचारलं. तसंही नाही. त्या उदाहरणात तुला २,००० वाटणारी वस्तू २,०००लाच मिळाली. प्रश्न एवढाच की ते २,००० खरोखरच्या वापराचे होते, की ‘असू दे, उद्या लागेल’चे?

सगळं टाकून द्या

आपल्याकडे ‘असू दे’ची सवय जरा जास्तच आहे आणि तिलाही इतिहास आहे. मायक्रोसॉफ्टने १९९०मध्ये विंडोजसाठी वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट एका खोक्यात घालून ऑफिस बाजारात आणलं. तोवर लिहिण्याच्या कामात वर्डपरफेक्ट आणि तक्त्यांच्या कामात लोटस १-२-३ यांचा दबदबा होता. विंडोज पसरलं तसा सुट्या प्रोग्रॅमांचा बाजार बसत गेला. वर्डपरफेक्ट १९९४मध्ये नॉव्हेलकडे गेलं, १९९६मध्ये कोरेलकडे. लोटस कंपनी १९९५मध्ये आयबीएमने घेतली. स्वस्त संचाची ही दुसरी बाजू: काही वर्षांनी सुटं घ्यायचं म्हटलं तरी सुटं विकणारा उरलेला नसतो.

भारतात मात्र बहुतेकांनी ना सुटं घेतलं, ना संच. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवून देणाऱ्याला आपण एकच सूचना द्यायचो: “सगळं टाकून द्या.” तो सगळं टाकून द्यायचा. त्यामुळे कुठल्या प्रोग्रॅमचं आपल्याला काय मोल आहे, हा प्रश्नच कधी स्वतःला विचारावा लागला नाही.

अपवाद होता मराठी अक्षरांचा. ती अशी सहजासहजी टाकून मिळत नसत.

अक्षरांची कोष्टकं

१९९०च्या दशकात मराठी डीटीपी म्हणजे पेजमेकर आणि सोबत मराठी फॉन्टचं पॅकेज. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम, बंगळुरूच्या सायबरस्केपचं आकृती ही त्यातली जाणती नावं. या काळातली पॅकेजं म्हणजे संचच असत: ढीगभर फॉन्ट, कीबोर्ड चालवणारा प्रोग्रॅम, शुद्धलेखनाची सोय, शिवाय गणपती, कलश आणि सनई-चौघड्याची चित्रं.

हा संच बांधण्यामागे मात्र नुसतं विक्रीचं गणित नव्हतं, तांत्रिक अडचणही होती. तेव्हाच्या फॉन्टमध्ये एकूण २५६ घरं असायची, तीही इंग्रजीच्या हिशेबाने आखलेली. त्यांत अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या बसवायच्या. कुठलं अक्षर कुठल्या घरात, हे ज्याचं त्याने ठरवलं. त्यामुळे एका कंपनीचा फॉन्ट तिच्याच कीबोर्ड-प्रोग्रॅमशिवाय निरुपयोगी. १९९१मध्ये इस्की नावाचं भारतीय प्रमाणक ठरलं होतं, त्यात अक्षर आणि त्याचं रूप यांची फारकत होती. पण पेजमेकरला इस्की कळत नव्हती, त्याला फक्त फॉन्ट कळत. त्यामुळे छपाईच्या दुनियेत ज्याची त्याची कोष्टकंच चालली.

मामाने २००३मध्ये सवलतीत असंच एक पॅकेज घेतलं. प्रिंटरच्या पोर्टला लावायचं डोंगल त्याच्यासोबत आलं. ते लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे. पॅकेजने चोख काम दिलं, त्या पैशांचं मामाने सोनं केलं. पण आज त्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर मराठीऐवजी डॉलर-पाउंडाच्या खुणा आणि डोक्यावर टिंबं घेतलेली परकी अक्षरं दिसतात. दोष कुणा एका कंपनीचा नाही, तो काळच तसा होता. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, विंडोज २०००मध्ये ती आलीही होती. पण पेजमेकर २००१च्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत युनिकोडपासून दूर राहिला, आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय यायला २०१२ उजाडलं.

म्हणून मामाच्या दुकानात टेबलाखाली विंडोज एक्सपीचा एक कॉम्प्युटर अजून जिवंत आहे. त्याला प्रिंटरचं जुनं पोर्ट आहे, पोर्टला ते डोंगल आहे. त्यावर वीस वर्षांच्या स्मरणिका, आता हयात नसलेल्या लोकांच्या लेखांसकट चार दिवाळी अंक आणि एका वाचनालयाच्या ग्रंथसूचीची एकमेव टंकलिखित प्रत आहे. ते डोंगल ज्या दिवशी मान टाकेल, त्या दिवशी या फाइली नुसत्या बघायच्या म्हटल्या तरी पंचाईत होईल.

भाड्याचा हिशेब

आता त्या नऊ प्रोग्रॅमांकडे येऊ. एक फरक आधी मांडायला हवा. २००३चं पॅकेज मामाच्या मालकीचं होतं. मे २०१३मध्ये अॅडोबीने खोक्यातला क्रिएटिव्ह सूट पुढे नव्याने न काढता वर्गणीवर देण्याचं जाहीर केलं आणि मग भाड्याची पद्धत सर्रास झाली. मामाला आलेली ऑफरही भाड्याचीच होती. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ७,००० पहिल्या वर्षाचे, नंतर दरवर्षी १८,०००. तीन वर्षांचे झाले ४३,०००.

मी मामाला नऊ नावांची यादी लिहून दिली आणि गेल्या महिन्यात ज्या कामासाठी यातलं काही उघडलं असतं, त्याच्यापुढे खूण करायला सांगितलं. खुणा दोनांपुढे पडल्या: पानं लावणं आणि मराठी टायपिंग. फोटोच्या प्रोग्रॅमपुढे पेन बराच वेळ थांबलं आणि तसंच उचललं गेलं. हे दोन सुटे घेतले तर पहिल्याचे वर्षाला ४,५०० आणि दुसऱ्याचे एकदाच १,५००. तीन वर्षांचे १५,०००.

पहिल्या वर्षात सुट्याला ६,००० आणि संचाला ७,०००. म्हणजे हजार रुपयांत सात प्रोग्रॅम जास्तीचे, मोह पडावा असंच गणित. दुसऱ्या वर्षी १८,००० भरायला सुरुवात झाली की ते उलटतं. तोवर बरंच काम त्या प्रोग्रॅमांच्या फाइलींत अडकलेलं असतं, आणि सोडून जायचा खर्च वाढलेला असतो.

त्यामुळे शेवटची तपासणी आम्ही बाहेर पडण्याच्या दाराची केली. चाचणीच्या प्रतीत एक लग्नपत्रिका आणि स्मरणिकेचं एक पान तयार केलं. मग दोन गोष्टी पाहिल्या: वर्गणी संपल्यावर फाइल निदान उघडते का, आणि मजकूर साध्या युनिकोडमध्ये बाहेर येतो का. टायपिंगच्या प्रोग्रॅममधून मजकूर सरळ बाहेर आला. पानांच्या प्रोग्रॅमची फाइल वर्गणीशिवाय उघडत नाही, पण मजकूर वेगळा आणि पीडीएफ वेगळी जपून ठेवता येते. मामाला ते चालण्यासारखं होतं. संचातल्या बाकी तीन प्रोग्रॅमांमध्ये तीही सोय नव्हती.

४७ तास संपण्याआधीच उत्तर मिळालं: संच नको, दोन सुटे घेऊ. मामाने थोडी कुरकुर केली, कारण ७७ टक्के सवलत हातची सोडायला कुणालाही जड जातं. वाचलेल्या पैशांतून त्याने जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा एक प्रोग्रॅम घेतला. जुन्या कोष्टकांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराची जागाही बदलते. त्यामुळे ‘वर्षी’ आणि ‘कार्तिक’सारखे शब्द हमखास बिघडतात आणि प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं.

मी रविवारी दुकानात जाते. मामा जुन्या छापील अंकातून मोठ्याने वाचतो, मी पडद्यावरची वेलांटी दुरुस्त करते. ग्रंथसूची पूर्ण झाली आहे. दोन दिवाळी अंक झाले, दोन राहिले. ते होईपर्यंत टेबलाखालचा कॉम्प्युटर काही हलवता येत नाही.